पोस्टग्रेसचं पीजी_वॉल फोल्डर पुन्हा पुन्हा भरतंय? आधी पाहा, वॉल कोण अडवून ठेवतंय

डेटाबेस नीट चालू असतो, टेबलं फारशी वाढलेली नसतात, तरी डिस्क भरत जाते. डेटा डिरेक्टरीत शोधलं की सगळी जागा पीजी_वॉलने, म्हणजे वॉल (राइट-अहेड लॉग, बदलांची नोंदवही) ठेवणाऱ्या फोल्डरने, खाल्लेली दिसते. आत १६ एमबीच्या शेकडो, कधी हजारो फाइली असतात. डिस्क पूर्ण भरली की लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा पॅनिक येतो आणि सर्व्हर बसतो. मग घाईघाईत डिस्क वाढवली जाते, सर्व्हर उठतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच घडतं. डिस्क वाढवल्याने फक्त पुढची तारीख लांबते, कारण मूळ अडचण डिस्कच्या आकारात नसतेच.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये लिहितो आणि डेटाफाइलमध्ये नंतर. चेकपॉइंट झाला की त्याआधीचे बदल डेटाफाइलमध्ये पोचलेले असतात, त्यामुळे जुन्या वॉल फाइलींची स्वतः सर्व्हरला गरज उरत नाही. तो त्या पुसतो किंवा नवं नाव देऊन पुढच्या लिखाणासाठी वापरतो. तरीही जुन्या फाइली साचत असतील तर चारांपैकी एक कारण असतं. एखादा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या वाचणाऱ्यासाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) त्या मागतोय, आर्काइव्ह कमांड (वॉल फाइली बॅकअपच्या जागी, म्हणजे आर्काइव्हमध्ये, कॉपी करणारी) फसतेय, वॉल_कीप_साइझ (किती जुना वॉल राखायचा ती सेटिंग) मोठा ठेवलाय, किंवा चेकपॉइंटच पूर्ण होत नाहीये. पहिली दोन कारणं सर्वांत जास्त सापडतात, म्हणून खाली बहुतेक जागा त्यांनाच दिली आहे.

एक गैरसमज आधीच दूर करू. उघडं राहिलेलं लांबलचक ट्रान्झॅक्शन एरवी वॉल फाइली अडवत नाही. त्याने टेबलं फुगतात, व्हॅक्यूमचं (मेलेल्या ओळी साफ करण्याचं) काम अडतं, पण पीजी_वॉल वाढत नाही. अपवाद एकच, लॉजिकल स्लॉटचा, म्हणजे वॉलमधले बदल उलगडून दुसरीकडे देणाऱ्या स्लॉटचा. तो पुढे येईल.

डिस्क भरून सर्व्हर बंद पडलाच असेल तर

पीजी_वॉलमधली एकही फाइल हाताने पुसू नका. 'जुन्या दिसतात त्या उडवू' हा विचार डेटाबेस घालवतो. चेकपॉइंटची नोंद असलेली फाइल गेली की सर्व्हर 'कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड' म्हणून सुरू व्हायलाच नकार देतो. मग हातात उरतं पीजी_रीसेटवॉल. ते सर्व्हर उठवेल, पण डेटा सुसंगत असल्याची कुठलीही हमी राहत नाही, आणि त्यानंतर लगेच पूर्ण डंप काढून नव्या क्लस्टरमध्ये भरावा लागतो. आवृत्ती १० येईपर्यंत या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. नावातला 'लॉग' पाहून लोक ते साफ करायचे, म्हणूनच नाव बदललं गेलं. पीजी_आर्काइव्हक्लीनअप हे साधनही इथे चालवायचं नाही. ते आर्काइव्हच्या फोल्डरसाठी आहे, चालत्या सर्व्हरच्या पीजी_वॉलसाठी नाही.

जागा दुसरीकडून मिळवायची. आधी डीएफ चालवून नेमकं कुठलं व्हॉल्यूम भरलंय ते पाहा. इनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का, हेही डीएफला आय पर्याय देऊन तपासा. डीएफ आणि डीयू (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) यांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर पुसलेली पण कुठल्या तरी प्रोसेसने उघडी ठेवलेली फाइल जागा धरून बसलेली असते. तशा फाइली एलएसओएफ दाखवतं. सर्व्हरचे जुने मजकुरी लॉग त्याच डिस्कवर असतील तर ते हलवा. ते लॉग नावाच्या फोल्डरमध्ये असतात, पुसण्याआधी पाथ दोनदा वाचा.

डिस्क ईएक्सटी४ असेल तर एक हुकमी उपाय आहे. ही फाइलसिस्टम बनवताना ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखली जाते. पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे ती जागा त्याला मिळत नाही. ट्यून२एफएसला एम पर्यायाने १ दिलं की राखीव भाग १ टक्क्यावर येतो आणि १०० जीबीच्या डिस्कवर सुमारे ४ जीबी जागा जागच्या जागी मोकळी होते. अनमाउंट करावं लागत नाही. एक्सएफएसवर असं काही राखीव नसतं, तिथे व्हॉल्यूम वाढवून एक्सएफएस_ग्रोएफएस चालवणं हाच मार्ग.

यातलं काहीच शक्य नसेल तर पीजी_वॉल दुसऱ्या डिस्कवर हलवा. सर्व्हर पूर्ण बंद असल्याची खात्री करा. संपूर्ण फोल्डर आरसिंकने नव्या जागी कॉपी करा, मालकी पोस्टग्रेस वापरकर्त्याची आणि परवानगी ७०० ठेवा. मूळ फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि त्या जागी नव्या ठिकाणाकडे जाणारी सिमलिंक करा. सर्व्हर नीट उठून एक चेकपॉइंट होईपर्यंत जुनी प्रत पुसायची नाही.

किती जागा पुरेल? सुरू होताना सर्व्हर क्रॅश रिकव्हरी करतो आणि तेव्हाही वॉल लिहितो. दोन-तीन जीबी तरी मोकळी करूनच सुरू करा, नाहीतर रिकव्हरीच्या मध्येच पुन्हा बसेल. उठल्यावर अ‍ॅप्लिकेशनची वाहतूक लगेच सोडू नका. आधी कारण शोधा.

नेमकं कोण अडवतंय ते पाच मिनिटांत शोधायची रीत

अंदाज बांधण्याची गरज नाही. पीजी_वॉलमधली सर्वांत जुनी फाइल कुठली, हे पाहायचं आणि त्या नावाशी कोणाचा संबंध जुळतो ते पाहायचं.

सर्वांत जुनी फाइल नावाच्या क्रमाने शोधा, तारखेच्या नाही. इथे बरेच जण चुकतात. पुनर्वापरासाठी ठेवलेल्या फाइलींना पुढचं नाव दिलेलं असतं, पण त्यांची बदलाची वेळ जुनीच राहते. तारखेने लावलं की भविष्यात लिहायच्या फाइली 'जुन्या' म्हणून वर येतात. सर्व्हर चालू असेल तर पीजी_एलएस_वॉलडिर हे फंक्शन नाव, आकार आणि वेळ देतं. त्यातून नावाचं किमान मूल्य आणि आकारांची बेरीज काढा. टाइमलाइन (रिकव्हरीनंतर सुरू होणारी वॉलची नवी शाखा) हिस्टरीच्या फाइली यात धरायच्या नाहीत.

फाइलीचं नाव २४ सोळा-आधारी अंकांचं असतं. पहिले आठ टाइमलाइनचे, मधले आठ मोठ्या भागाचे, शेवटचे आठ त्या भागातल्या तुकड्याचे. सेगमेंट १६ एमबीचा असेल तर एका मोठ्या भागात २५६ तुकडे, म्हणजे ४ जीबी वॉल मावतो. समजा सर्वांत जुनी फाइल आहे ०००००००१००००००५०००००००३१ आणि सर्व्हर सध्या लिहितोय ०००००००१००००००५७००००००३१ मध्ये. मधला भाग सातने पुढे गेलाय, म्हणजे २८ जीबी, १७९२ फाइली. एवढी सवय झाली की नुसती नावं पाहूनही आकडा सांगता येतो.

आता तीन गोष्टी शेजारी ठेवा. पहिली, पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स व्ह्यूमधला प्रत्येक स्लॉटचा रीस्टार्ट_एलएसएन (एलएसएन म्हणजे वॉलमधला पत्ता; हा स्लॉटला लागणाऱ्या सर्वांत जुन्या वॉलचा), पीजी_वॉलफाइल_नेम या फंक्शनमधून फाइलीच्या नावात बदलून. वरच्या उदाहरणात दोषी स्लॉटचा रीस्टार्ट_एलएसएन ५०/३१ ने सुरू होणारा असेल. दुसरी, पीजी_वॉलच्या आतल्या आर्काइव्ह_स्टेटस फोल्डरमधली 'रेडी' शेपटीची सर्वांत जुनी फाइल. रेडी म्हणजे आर्काइव्ह व्हायची बाकी, डन म्हणजे झालेली. तिसरी, वॉल_कीप_साइझचं मूल्य. सर्वांत जुन्या फाइलीशी यातलं ज्याचं नाव जुळेल, एखाद-दुसऱ्या फाइलीच्या फरकाने का होईना, तो अडवणारा. काहीच जुळत नसेल तर चेकपॉइंटकडे बघायचं.

स्टँडबाय सर्व्हरवर (मुख्य, म्हणजे प्रायमरी सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत) पीजी_वॉलफाइल_नेम आणि पीजी_करंट_वॉल_एलएसएन ही फंक्शनं चालत नाहीत. तिथे पीजी_लास्ट_वॉल_रिप्ले_एलएसएन वापरा आणि नावाचा हिशेब वरच्या पद्धतीने हाताने करा. आणि हो, स्टँडबायवरही स्वतःचे स्लॉट असू शकतात, तेही तिथला वॉल तितकेच अडवतात.

कारण स्लॉटचं असेल तर

स्लॉट म्हणजे सर्व्हरने दिलेलं वचन: 'तू वाचेपर्यंत मी हे ठेवतो.' वाचणारा कायमचा निघून गेला तरी वचन तसंच राहतं, सर्व्हर रीस्टार्ट केला तरी. म्हणून अ‍ॅक्टिव्ह रकान्यात 'एफ' असलेला आणि मागे मागे राहत चाललेला स्लॉट दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: याचा मालक कोण, आणि तो परत येणार आहे का?

स्लॉट किती मागे आहे ते पीजी_वॉल_एलएसएन_डिफला सध्याचा एलएसएन आणि रीस्टार्ट_एलएसएन देऊन बाइटमध्ये मिळतं, पीजी_साइझ_प्रेटीने ते वाचनीय होतं. आवृत्ती १७ पासून इनॅक्टिव्ह_सिन्स हा रकानाही आहे. स्लॉट कधीपासून निष्क्रिय आहे, ते थेट कळतं. १३ पासून असलेला वॉल_स्टेटस रकाना जास्त कामाचा आहे. रिझर्व्हड असेल तर सगळं मॅक्स_वॉल_साइझच्या आत आहे. एक्स्टेंडेड म्हणजे ती मर्यादा ओलांडली आहे पण फाइली अजून राखल्या आहेत. अनरिझर्व्हड म्हणजे पुढच्या चेकपॉइंटला काही फाइली जाऊ शकतात, वाचणाऱ्याने तोवर वेग धरला तर स्लॉट टिकेल. लॉस्ट म्हणजे स्लॉट निकामी झाला.

मालक परत येणार नसेल तर स्लॉट काढून टाका, पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट या फंक्शनने. स्लॉट वापरात असल्याची चूक आली तर त्यामागच्या वॉलसेंडर प्रोसेसला मारण्याची घाई करू नका. पलीकडचा क्लायंट पुन्हा जोडला जातो आणि स्लॉट परत पकडतो. आधी क्लायंट बंद करा, मग ड्रॉप करा. ड्रॉप केल्याक्षणी जागा मोकळी होत नाही. जुन्या फाइली चेकपॉइंटच्या वेळीच जातात, तेव्हा हाताने चेकपॉइंट कमांड द्या. ती सुपरयूजर देऊ शकतो, आणि आवृत्ती १५ पासून पीजी_चेकपॉइंट ही भूमिका असलेला वापरकर्ताही.

त्यानंतरही फोल्डर रिकामं झालं नाही म्हणून घाबरू नका. काही फाइली पुनर्वापरासाठी मुद्दाम ठेवल्या जातात. किमान मिन_वॉल_साइझइतक्या, म्हणजे मूळ सेटिंगला ८० एमबी, आणि कामाच्या वेगानुसार मॅक्स_वॉल_साइझपर्यंत.

अनाथ स्लॉट येतात कुठून? हे समजलं नाही तर तेच पुन्हा होणार. एक नेहमीची वाट लॉजिकल सबस्क्रिप्शनची. सबस्क्रायबरवर (बदल घेणारा सर्व्हर) ड्रॉप सबस्क्रिप्शन चालवलं की तो पब्लिशरकडे (बदल देणारा सर्व्हर) जाऊन तिथला स्लॉटही काढतो. पण पब्लिशरशी संपर्क होत नसेल तर कमांड फसते. मग सबस्क्रिप्शन डिसेबल करून, स्लॉट_नेम 'नन' करून ती काढली जाते. सबस्क्रायबर स्वच्छ होतो, पब्लिशरवर स्लॉट मात्र तसाच लटकून राहतो. ही वाट वापरली की पब्लिशरवरचा स्लॉट हाताने काढणं हा त्याच कामाचा भाग समजायचा. त्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागू नये.

दुसरी वाट क्लोनची. पीजी_बेसबॅकअप (चालू सर्व्हरची पूर्ण प्रत, म्हणजे बेस बॅकअप, काढणारं साधन) स्लॉट सोबत नेत नाही. पण डिस्कच्या स्नॅपशॉटवरून किंवा डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी कॉपी करून चाचणी सर्व्हर उभा केला तर मूळ सर्व्हरचे सगळे स्लॉट पीजी_रेप्लस्लॉट फोल्डरसोबत येतात. क्लोनवर त्यांना वाचणारं कोणीच नसतं. चाचणी सर्व्हर काही दिवसांनी डिस्क भरून पडतो आणि लोक त्यावर टाकलेल्या चाचणी डेटाला दोष देतात. क्लोन उभा केला की स्लॉटची यादी रिकामी करणं ही पहिली पायरी ठेवा. दुसरी पायरी आर्काइव्ह कमांड बदलण्याची. तिचं कारण पुढे आहे.

लॉजिकल स्लॉटच्या बाबतीत वाचणारा जोडलेला असतो, अ‍ॅक्टिव्हमध्ये 'टी' दिसतं, आणि तरी रीस्टार्ट_एलएसएन हलत नाही, असंही होतं. याची दोन कारणं नेहमी भेटतात.

पहिलं म्हणजे शांत डेटाबेस. वॉल संपूर्ण इन्स्टन्सचा एकच असतो, स्लॉट मात्र एका डेटाबेसशी बांधलेला असतो. स्लॉटच्या डेटाबेसमध्ये काहीच घडत नसेल आणि शेजारच्या डेटाबेसमध्ये धो धो लिखाण चालू असेल, तर काही क्लायंटना पोच द्यायला काही मिळतच नाही. ते 'इथपर्यंत वाचलं' असं कळवत नाहीत आणि शेजारच्याचा सगळा वॉल साचतो. उपाय हार्टबीटचा. त्याच डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल करा, ते क्लायंट वाचत असलेल्या यादीत घाला आणि दर मिनिटाला त्यातली एक ओळ अपडेट करा. डेबेझियममध्ये (डेटाबेसमधले बदल वाचून पुढे पाठवणारं साधन) यासाठी हार्टबीटचा मध्यांतर आणि हार्टबीट क्वेरी अशा दोन्ही सेटिंग आहेत. फक्त मध्यांतर ठरवून बरेच जण थांबतात, या अडचणीत क्वेरीही लागते.

दुसरं कारण म्हणजे वर म्हटलेला अपवाद. लॉजिकल डिकोडिंगला ट्रान्झॅक्शन सुरुवातीपासून वाचावं लागतं. प्रायमरीवर कोणी बिगिन करून, काही तरी लिहून, कमिट न करता बसलं असेल तर रीस्टार्ट_एलएसएन त्या ट्रान्झॅक्शनच्या पुढे जाऊ शकत नाही. कन्फर्म्ड_फ्लश_एलएसएन (क्लायंटने पोच दिलेली जागा) पुढे सरकतोय पण रीस्टार्ट_एलएसएन अडकलाय, ही याची खूण. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये एक्सअ‍ॅक्ट_स्टार्टने लावा, सर्वांत जुनं ट्रान्झॅक्शन शोधा, आणि 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत असेल तर ते संपवा. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ठेवला की हे पुन्हा होत नाही. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या वापरकर्त्याला पाच मिनिटं ही मर्यादा बहुतेक ठिकाणी उदारच ठरते.

मागे पडलेल्या स्लॉटचं आणखी एक नुकसान डिस्कच्या गडबडीत नजरेतून सुटतं. लॉजिकल स्लॉट कॅटलॉग_एक्समिन (सिस्टम टेबलांत कुठल्या ट्रान्झॅक्शनपासूनच्या मेलेल्या ओळी ठेवायच्या ती खूण) धरून ठेवतो, आणि हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू असलेल्या स्टँडबायचा फिजिकल स्लॉट एक्समिन (तशीच खूण, सगळ्या टेबलांसाठी) धरतो. व्हॅक्यूमला त्यापुढच्या मेलेल्या ओळी काढता येत नाहीत. डिस्क कितीही मोठी घेतली तरी हे थांबत नाही.

कारण आर्काइव्हचं असेल तर

आर्काइव्ह_मोड चालू असताना आर्काइव्ह_कमांडने शून्य परत दिल्याशिवाय सर्व्हर ती फाइल पुसत नाही. कमांड फसली की तीच फाइल पुन्हा पाठवायचा प्रयत्न होतो. लागोपाठ तीन वेळा, मग साधारण मिनिटभर थांबून परत तीन वेळा. एक फाइल अडली की तिच्या मागची सगळी रांग अडते. पीजी_स्टॅट_आर्कायव्हर पाहा. लास्ट_फेल्ड_टाइम हा लास्ट_आर्काइव्हड_टाइमच्या नंतरचा असेल आणि फेल्ड_काउंट वाढत असेल तर आत्ता अडचण चालू आहे. लास्ट_फेल्ड_वॉलमध्ये अडलेल्या फाइलीचं नाव मिळतं. नेमकी चूक सर्व्हरच्या लॉगमध्ये असते, कमांडने छापलेल्या मजकुरासकट.

एक प्रकार इतका नेहमीचा आहे की तो नीट पाहू. कमांड अशी असते: 'त्या नावाची फाइल आर्काइव्हमध्ये नसेल तरच कॉपी कर.' अट योग्य आहे, आर्काइव्हमधली फाइल कधीच ओव्हरराइट होता कामा नये. पण कॉपी चालू असताना आर्काइव्हची डिस्क भरली किंवा नेटवर्क तुटलं तर तिथे अर्धवट फाइल राहते. जागा मोकळी झाली, नेटवर्क आलं, तरी आता 'फाइल आधीच आहे' म्हणून कमांड कायम फसत राहते. सगळं सुरळीत दिसत असतं आणि पीजी_वॉल मात्र भरत राहतं.

आर्काइव्हमधल्या त्या फाइलीचा आकार पाहा. आकुंचन (कॉम्प्रेशन) न करता ठेवली असेल तर पूर्ण फाइल नेमकी १,६७,७७,२१६ बाइटची असते. कमी असेल आणि पीजी_वॉलमध्ये त्याच नावाची पूर्ण फाइल असेल तर आर्काइव्हमधल्या अर्धवट फाइलीचं नाव बदलून ती बाजूला ठेवा. मिनिटभरात रांग हलायला लागते. आकार पूर्ण असेल तर सीएमपीने दोन्हींची तुलना करा. मजकूर सारखाच असेल तर कॉपी झाली होती, फक्त पोच मिळाली नव्हती. तीही बाजूला करता येते. पण आकार पूर्ण आणि मजकूर वेगळा असेल तर थांबा. दोन सर्व्हर एकाच आर्काइव्हमध्ये लिहीत असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो दुसरा बहुधा आर्काइव्ह कमांडसकट क्लोन केलेला चाचणी सर्व्हर असतो. अशा वेळी आर्काइव्हवर विश्वास ठेवता येत नाही. क्लोनचं आर्काइव्ह बंद करा आणि मूळ सर्व्हरचा नवा बेस बॅकअप ताबडतोब घ्या.

कायमचा इलाज कमांडमध्येच करायचा. आधी तात्पुरत्या नावाने कॉपी, मग डिस्कवर सिंक, मग एमव्हीने खरं नाव. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तुलना करून सारखी असल्यास शून्य, वेगळी असल्यास चूक. स्क्रिप्टची शेवटची ओळ लॉग लिहिणारी इको नसावी. ती नेहमी शून्य देते, कॉपी फसली तरी सर्व्हरला 'झालं' असं कळतं आणि न पोचलेली फाइल पुसली जाते. पाइप वापरत असाल तर बॅशमध्ये पाइपफेल चालू करा, नाहीतर पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरला जातो. शक्य असेल तर स्वतःची स्क्रिप्ट टाकून पीजीबॅकरेस्टसारखं तयार साधन घ्या. हे सगळे खाचखळगे त्यात भरलेले आहेत.

कमांड फसत नाही पण पुरी पडत नाही, असंही असतं. आर्कायव्हर एका वेळी एकच फाइल पाठवतो. प्रत्येक फाइलीसाठी नवं एसएसएच कनेक्शन, आकुंचन आणि पाठवणं मिळून दोन सेकंद लागत असतील, तर वेग झाला सेकंदाला ८ एमबी, म्हणजे तासाला सुमारे २८ जीबी. रात्रीच्या मोठ्या लोडमध्ये त्याहून जास्त वॉल तयार होत असेल तर रात्रभर रांग वाढते आणि दिवसा ओसरते. दिवसा पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही. अशा ठिकाणी समांतर पाठवणारं साधन लागतं, पीजीबॅकरेस्टची असिंक पद्धत ते करते.

आर्काइव्हची जागा स्वतःच का भरते, याकडेही बघा. आर्काइव्ह_टाइमआउट ६० सेकंद ठेवला असेल आणि डेटाबेसमध्ये सतत थोडंफार काही घडत असेल, तर जवळजवळ रिकामी फाइलही १६ एमबीची म्हणून दर मिनिटाला जाते. दिवसाला १४४० फाइली, म्हणजे २२.५ जीबी. आकुंचन केलं तर हा आकडा खूप खाली येतो.

अगदी गळ्याशी आलं तर आर्काइव्ह_कमांड तात्पुरती 'ट्रू' करून रीलोड करता येते. रीस्टार्ट लागत नाही. पण हे करताना काय गमावतोय ते ठाऊक असू द्या: त्या फाइली आर्काइव्हमध्ये न जाता पुसल्या जातात आणि आधीच्या बॅकअपवरून त्या बिंदूच्या पुढे कधीच जाता येत नाही. कमांड पूर्ववत केल्यावर पहिलं काम नव्या बेस बॅकअपचं. कमांड रिकामी ठेवणं हा उपाय नाही. त्याने आर्काइव्ह फक्त थांबतं, फाइली साचतच राहतात.

उरलेली दोन कारणं

वॉल_कीप_साइझ, जो १३ च्या आधी वॉल_कीप_सेगमेंट्स होता, एमबीमध्ये मोजला जातो. जुन्या आवृत्तीतून आकडा आणताना १६ ने गुणून आणावा लागतो. स्लॉट वापरत असाल तर याची फारशी गरज नाही, शून्य चालतं.

मॅक्स_वॉल_साइझ ही सक्तीची मर्यादा नाही. मूळ मूल्य १ जीबी असलं तरी जोराच्या लिखाणात फोल्डर त्याहून मोठं होतं आणि ते दोष नाही. चेकपॉइंट फार वारंवार होत असल्याची सूचना लॉगमध्ये येत असेल तर हे मूल्य वाढवायचं, कमी करायचं नाही. ते कमी केल्याने वॉल उलट जास्त तयार होतो, कारण प्रत्येक चेकपॉइंटनंतर पहिल्यांदा बदललेलं पान पूर्णच्या पूर्ण वॉलमध्ये लिहिलं जातं. वॉल_कॉम्प्रेशन चालू केल्याने तो भार कमी होतो. चेकपॉइंट होतोय का, हे पीजी_कंट्रोल_चेकपॉइंट फंक्शनमधल्या वेळेवरून कळतं. लिखाण चालू असूनही ती वेळ तासाभराहून जुनी असेल तर लॉगमध्ये चेकपॉइंटर प्रोसेसच्या चुका शोधा. एखादी डेटाफाइल लिहिता येत नसेल, समजा कोणी तिची मालकी बदलली असेल, तर चेकपॉइंट दर वेळी अपुरा राहतो.

मर्यादा किती ठेवायची

मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही सेटिंग आवृत्ती १३ मध्ये आली आणि तिचं मूळ मूल्य उणे एक आहे, म्हणजे मर्यादा नाही. हे बदलायलाच हवं. मागे पडलेला स्टँडबाय पुन्हा बांधता येतो, प्रायमरी बंद पडला तर सगळंच थांबतं. रीलोडने ती लागू होते. सर्व्हर डिस्क भरून पडलेला असेल आणि स्लॉट बळी द्यायला हरकत नसेल तर सुरू करण्याआधीच कॉन्फिग फाइलमध्ये ती लिहून ठेवता येते.

आकडा अंदाजाने ठेवू नका. कामाच्या गर्दीच्या तासाला सुरुवातीला आणि शेवटी पीजी_करंट_वॉल_एलएसएन नोंदवा, फरक काढा. समजा तासाला ४ जीबी निघाला आणि स्टँडबाय रात्री पडला तर सकाळपर्यंत, म्हणजे ८ तास, तग धरायचा आहे. ३२ जीबी झाले. ही मर्यादा चेकपॉइंटच्या वेळीच तपासली जाते, त्यामुळे दोन चेकपॉइंटमधला वॉल वर येतो. त्यात मॅक्स_वॉल_साइझ धरा, आणि पीजी_वॉलच्या डिस्कवर ५० जीबीच्या आसपास जागा हवी. तेवढी नसेल तर मर्यादा कमी करा, पण ठेवा. आवृत्ती १८ मध्ये आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउट आला आहे. ठरावीक काळ कोणी न वापरलेला स्लॉट त्याने आपोआप रद्द होतो. विसरलेल्या स्लॉटवर तो अचूक उपाय आहे.

मर्यादा ओलांडून लॉस्ट झालेला स्लॉट यादीत तसाच दिसत राहतो, तो काढून नवा करावा लागतो. स्टँडबायला रीस्टोर_कमांड दिलेली असेल तर तो मधला वॉल आर्काइव्हमधून घेऊन प्रायमरीला गाठू शकतो, नाहीतर बेसबॅकअपपासून सुरुवात. लॉजिकल क्लायंटला मात्र सुरुवातीची प्रत पुन्हा घ्यावी लागते.

आर्काइव्हच्या रांगेला पोस्टग्रेसमध्ये अशी कुठलीही मर्यादा नाही. पीजीबॅकरेस्टमध्ये आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स आहे. रांग त्यापलीकडे गेली की तो फाइली सोडून देतो आणि सर्व्हर वाचतो, पण सलग बॅकअपची साखळी तुटते. हा निर्णय डेटाच्या मालकांना विचारून घ्यायचा.

सूचना चार गोष्टींवर लावा: पीजी_वॉलचा एकूण आकार मॅक्स_वॉल_साइझच्या दुप्पट झाला, कुठलाही स्लॉट ठरवलेल्या मर्यादेच्या निम्म्यावर आला, स्लॉट तासाभराहून जास्त निष्क्रिय राहिला, आणि आर्काइव्हचं शेवटचं अपयश शेवटच्या यशाच्या नंतरचं आहे. नुसत्या डिस्कच्या ९० टक्क्यांवर सूचना ठेवली तर ती येते तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. प्रत्येक स्लॉटच्या नावात तो वापरणाऱ्या सेवेचं नाव असू द्या, म्हणजे सूचना आल्यावर कोणाला फोन करायचा ते शोधत बसावं लागत नाही.